तक्रार त्याच्याच दारी

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये, रमजानच्या तेराव्या रोज्याला, आमचा धाकटा भाऊ परभणीच्या दवाखान्यात कोरोनाने गेला. बेचाळीस वर्षांचा होता. मानवतला त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. विहिरीतल्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी आसपासच्या खेड्यांतून त्याच्याकडे येत. कापसाला पाणी द्यायचे दिवस असले की शेतकरी रात्री अकरालाही शटर वाजवायचा आणि हा उठून तांब्याची तार गुंडाळायला बसायचा. गावात त्याला नावाने कमी आणि 'मिस्त्री' म्हणूनच जास्त ओळखत.

त्याला परभणीतच दफन केले. जनाज्याला मोजकी माणसे होती आणि तीही लांब उभी. अम्माला त्याचे तोंड पाहता आले नाही. ज्या घरात कुणी गेले की चार दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात, बाया उंबऱ्यापासून अंगणापर्यंत बसलेल्या असतात, त्या घरात जियारतीला आम्ही पाचच माणसे होतो. गल्लीतले लोक वाईट नव्हते. भ्यायलेले होते. दारापाशी भाजीची पिशवी ठेवून कुणीतरी जायचे आणि लांबून हाक मारायचे.

चौथ्या रात्री इशाची नमाज झाल्यावर अम्मा जानमाजवरून उठलीच नाही. हात पसरलेले होते. आम्हाला वाटले, दुआ मागते आहे. मग आवाज चढला.

"कैसा रे अल्ला? कैसा किया तू ये? मैं क्या मांगी थी तेरे कने? महल मांगी थी? एक उसकी साँस मांगी थी. तेरे कने क्या कमी थी?"

ती रडत नव्हती. भांडत होती. रस्त्यापलीकडच्या उधार न देणाऱ्या दुकानदाराशी भांडावे तशी समोरासमोर, बोट दाखवून भांडत होती. भिंतीपलीकडून शेजारीण बोलली, "ऐसा नक्को बोलो खाला, गुन्हा लगता." आम्ही तर घरातलेच. शाळेत मराठी शिकवणारा, दोन पुस्तके वाचलेला माणूस. आम्ही जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितले की सब्र कर, सब्र करणाऱ्यांच्या सोबत अल्लाह असतो. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची गोष्ट सांगितली. मुले गेली, माल गेला, अंगात रोग भरला, पण त्यांनी हूं की चूं केले नाही. अम्माने ऐकून घेतले, पदर सावरला आणि गप्प झाली.

आता वाटते, त्या रात्री आम्ही तिच्यावर अन्यायच केला. ती गप्प झाली नव्हती. आम्ही झोपण्याची वाट पाहत होती. रात्री तीनच्या सुमाराला, तहज्जुदच्या वेळी, स्वयंपाकघरातून पुटपुटणे ऐकू यायचे. तीच तक्रार, तेच "कैसा रे." सहरीला हाक मारायला ती उठायची तेव्हा डोळे लाल असायचे. आम्ही तिच्याकडे पाहायचे टाळत होतो.

आणि आमचे काय? आम्ही शहाणे, सब्रवाले. पाच वेळची नमाज चालू होती. पण सलाम फेरल्यावर दुआसाठी हात वर व्हायचे आणि ओठ हलायचे नाहीत. मागायचे काय? जे मागितले ते मिळाले नव्हते. ईद आली, गेली. आम्ही कुणाकडे तक्रार केली नाही, आणि हळूहळू कुणाकडे काही मागणेही सोडून दिले. लोक म्हणत, गुरुजी फार सब्रवाले. आतून मात्र दार लागले होते, हे आमचे आम्हाला ठाऊक.

शाळा बंद होत्या. त्या दिवसांत पुस्तकांची पेटी उघडली. तळाशी काळ्या पुठ्ठ्याचे 'पवित्र शास्त्र' निघाले. जालन्याकडचे एक ख्रिस्ती सहकारी आमच्या शाळेत होते. २००४ साली बदली होऊन जाताना त्यांनी ते दिले होते. सतरा वर्षांत आम्ही ते उघडले नव्हते. तौरात, जबूर, इंजील ही अल्लाहने पाठवलेली पुस्तके, यावर आमचे इमान आहे. आज हाती असलेला मजकूर जसाच्या तसा राहिलेला नाही, असेही आमचे उलेमा सांगतात. त्यामुळे मान द्यायचा पण वाचायचे नाही, असा एक सोयीचा रिवाज आमच्यात पडला आहे. त्या दिवशी मात्र आम्ही पाने उलटली, ती अय्यूब नबींना शोधायला. अम्माला सांगितलेली गोष्ट तिथे आणखी भक्कम सापडेल, असे वाटले होते.

मराठीत त्या प्रकरणाचे नाव आहे 'ईयोब'. बेचाळीस अध्याय आहेत. पहिल्या दोन अध्यायांत आमच्या ओळखीचेच अय्यूब भेटले. सगळे गेले तरी रब्बाला दोष न देणारे. तिसऱ्या अध्यायाशी आम्ही थबकलो. तिथे हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो. पुढे पानोपानी तो अल्लाहला जाब विचारतो. माझा गुन्हा काय, मला सांग. मी चुकलो असेन तर समोर ये, निवाडा होऊ दे. त्याचे तीन मित्र येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेच. मग ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. देव न्यायी आहे, तेव्हा तुझेच काही चुकले असणार, गप्प बस, तोबा कर. त्यांची वाक्ये मोठी सुरेख आहेत. जुम्म्याच्या तकरीरीत शोभतील अशी. आणि शेवटी खुदाचा निवाडा येतो तेव्हा तो मित्रांवर रागावतो. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा हा भांडणारा बंदाच नीट बोलला, असा त्या निवाड्याचा अर्थ.

पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. त्या मित्रांमधला चौथा कोण, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही तर सात दिवसही गप्प बसलो नव्हतो. चौथ्याच रात्री तकरीर सुरू केली होती.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. कुरआनातले अय्यूब आणि हिब्रू ग्रंथातले अय्यूब सारखे नाहीत. आमच्या किताबात त्यांच्या सब्राची तारीफ आहे, आणि आमच्यासाठी तीच खरी आहे. पण कुरआनात नीट पाहिले तर तिथेही अय्यूब गप्प नाहीत. ते आपल्या रब्बाला हाक मारतात. मला दुःखाने गाठले आहे आणि तू सर्वांहून रहम करणारा आहेस, एवढेच बोलतात. दुःख सांगायचेही, आणि सांगायचे ते रहम करणाऱ्यालाच. सब्र म्हणजे तोंड शिवून बसणे, हा अर्थ त्यात कुठून आला? तो आम्हीच कुठूनतरी आणला असणार.

त्यानंतर त्याच ग्रंथातले 'विलापगीत' हाती आले. जेमतेम पाच अध्यायांचे लहानसे प्रकरण. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा बादशहा, ज्याला आपल्याकडे बुख्तनस्सर म्हणतात, त्याने बैतुल मुकद्दस उद्ध्वस्त केले, इबादतगाह जाळली, लोकांना बांधून नेले. त्या उजाड शहरावरचा हा आक्रोश आहे. यहुदी परंपरा तो यिर्मया नबींचा मानते. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. कुरआनात हे नाव येत नाही, पण आपल्या तफसीरकारांना 'इरमिया' ठाऊक आहेत. सूरह बकराहमध्ये एका माणसाचा किस्सा आहे. तो एका पडलेल्या, उजाड वस्तीजवळून जातो आणि मनात म्हणतो की या मेलेल्या वस्तीला अल्लाह आता कसा जिवंत करणार? अल्लाह त्याला शंभर वर्षे मृत ठेवून पुन्हा उठवतो. तो माणूस म्हणजे उझैर, असे पुष्कळ जण मानतात. काही जण मात्र इरमिया म्हणतात आणि ती वस्ती बैतुल मुकद्दस होती असे सांगतात.

विलापगीताचे हिब्रू नाव आहे 'एखा'. तो त्याचा पहिलाच शब्द, आणि त्याचा अर्थ 'कसे!' कसे हे झाले? भरलेले शहर असे एकटे कसे बसले? उजाड वस्तीजवळचा माणूसही 'कसे' म्हणतो. आमची अम्माही "कैसा रे" म्हणत होती. हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला.

या पाच अध्यायांची बांधणीही ध्यानात घेण्यासारखी आहे. हिब्रूत बावीस अक्षरे. चार अध्यायांतली कडवी त्या अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, आपल्याकडच्या सीहर्फीसारखी. मधल्या, तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षर तीन तीनदा येते. पाचव्यात अक्षरांचा क्रम नाही, पण कडवी मोजून बावीसच. मराठी तर्जुम्यात हे दिसत नाही, पुढे एका पुस्तकात वाचले तेव्हा कळले. दुःखाला आदि-अंत नसतो म्हणून त्या माणसाने ते अक्षरांच्या ओळीत बसवले असेल. अलिफपासून सुरू केले की कधीतरी शेवटच्या अक्षराशी पोहोचता येते. अम्मा तरी दुसरे काय करत होती? तिची तक्रारही तसबीहच्या मण्यांवरच चालायची.

तिसरा अध्याय तर आम्ही किती वेळा वाचला असेल! बोलणारा म्हणतो की रब्बाने मला अंधारात नेले, भोवती भिंत घातली, माझी दुआ आत येऊ दिली नाही, दबा धरलेल्या अस्वलासारखा माझ्यावर तुटून पडला, खड्यांनी माझे दात पाडले. इतके कडू बोलणे धर्मग्रंथात असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आणि याच अध्यायाच्या, म्हणजे सबंध पुस्तकाच्याही ऐन मध्याच्या आसपास, एकाएकी सूर पालटतो. त्याला काहीतरी आठवते. त्याची रहमत संपलेली नाही, ती दर सकाळी नवी होऊन येते, अशी उमेद तो धरतो. बाहेर काहीही बदललेले नाही. शहर तसेच जळालेले आहे, पोरे तशीच भुकेली आहेत. आणि उमेद तरी कशी? तोंड मातीला टेकवावे, कदाचित आशा असेल. कदाचित! खात्री नव्हे, कदाचित. एवढ्याशा शब्दावर तो माणूस उभा राहतो. पुढे पुन्हा रडतो. पुस्तकाचा शेवटही रडण्यातच आहे, आणि या सबंध पुस्तकात खुदा एकदाही बोलत नाही. तरीही ते पुस्तक धर्मग्रंथात राहिले, कुणी काढून टाकले नाही. यहुदी लोक जमातीत ते वाचतात तेव्हा शेवटच्या कडव्यावर न थांबता त्याच्या आधीची परतीची विनवणी पुन्हा एकदा म्हणतात. मजकूर बदलायचा नाही, पण माणसाला निराशेवर सोडून उठायचेही नाही, असा हा रिवाज आहे.

त्या 'रहमती'साठी हिब्रूत शब्द आहे 'रहमीम', आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. अरबीतही तसेच. 'रहिम' म्हणजे आईची कूस, आणि तिथूनच रहमान, रहीम, रहमत. अल्लाहने रहिमला आपल्या रहमान या नावातून नाव दिले, असे हदीसमध्ये येते. बिस्मिल्लाह म्हणताना दिवसातून किती वेळा ही दोन नावे आमच्या तोंडून जातात! पण ज्या कुशीतून तो पोरगा आला होता, तीच कूस रात्री तीन वाजता त्या नावाच्या मालकाला हाक मारत होती, हे आम्हाला समजले नव्हते.

पराई म्हणून बाजूला ठेवलेली ही पाने वाचल्यावर आम्ही आपला कुरआन नव्याने उघडला. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब अलैहिस्सलाम आहेत. पोराच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरचीच मुले वैतागून म्हणतात, किती दिवस यूसुफचे नाव घेत बसणार, जीव देणार का? ते उत्तर देतात की माझ्या दुःखाची तक्रार मी अल्लाहकडेच करतो. आणि पुढच्याच आयतीत मुलांना बजावतात की अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. तक्रार आणि उमेद, दोन्ही एकाच तोंडून, लागोपाठ. सूरह मुजादिलाचे तर नावच वाद घालणाऱ्या बाईवरून आहे. खौला बिन्ते सालबा या बाईंचा नवऱ्याच्या अन्यायाविषयी जाब होता. त्या प्रेषितांशी हुज्जत घालत होत्या आणि अल्लाहकडे तक्रार करत होत्या. अल्लाहने ते ऐकले, यानेच ती सूरह सुरू होते. खुद्द प्रेषित हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम ताइफहून दगड खाऊन परतले तेव्हा त्यांनी आपल्या दुबळेपणाची तक्रार रब्बाकडे मांडली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. आपला लहानगा इब्राहीम गेला तेव्हा ते रडले. छाती बडवणे, कपडे फाडणे त्यांनी मना केले. डोळ्यांतले पाणी मना केले नाही.

मग अम्माला गप्प करणारे आम्ही कोण?

एक आठवण सांगतो. भाऊ दुकानाचा माल आणायला मुंबईला जायचा. एकदा आम्हीही त्याच्यासोबत तपोवन एक्सप्रेसने गेलो होतो. मस्जिद बंदर स्टेशनात त्याने विचारले, "भाई, ज्या मशिदीवरून हे नाव पडलं, ती कोणती?" आम्ही जवळच्या एका मिनाराकडे बोट दाखवले आणि गुरुजीपणा निभावून नेला. खरे उत्तर तो गेल्यावर वाचनात आले. ती मशीद म्हणजे यहुद्यांचे सिनेगॉग, असे मानतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे ते मुंबईतले पहिले प्रार्थनाघर. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर, यांनी ते उभारले. कंपनीच्या फौजेतले हे अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. त्या समाजात असे सांगतात की कैद्यांना मारायची वेळ आली तेव्हा हे बनी इस्राईल आहेत असे कळल्यावर सुलतानाच्या आईने रदबदली केली. ज्यांचे नाव आपण कुरआनात वाचतो ते हेच, यांना मारू नका. आख्यायिका असेल, पण सव्वादोनशे वर्षे एका यहुदी समाजाने एका मुसलमान आईची मेहेरबानी जपून ठेवली, हे तर खरे. त्या प्रार्थनाघराचे नाव 'शाआर हारहमीम'. रहमतीचे दार. तोच शब्द, विलापगीतातला.

या बेने इस्रायल लोकांचे मराठी सण वाचून तर आम्ही चकितच झालो. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला त्यांचा इतिहास १९३७ साली छापला गेला. त्यात त्यांच्या एका उपवासाचे नाव 'रमजान' आहे, एलिया नबींचा 'उरूस' आहे, आणि मलिदा तर त्यांच्या घरोघरी. बैतुल मुकद्दस पडल्याच्या शोकाचा जो दिवस, त्याला ते वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणत. जगभरचे यहुदी त्या रात्री दिवे मंद करून, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. कोकणातल्या कौलारू घरांत त्या शोकाला मराठी नाव मिळाले होते. आणि सबंध ग्रंथ मूळ भाषांवरून मराठीत आणायला ज्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे दिली, त्या पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या वणवणीत त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. त्यांचा तर्जुमा त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली छापून निघाला. विलापगीतातली भूक मराठीत लिहिताना त्यांना शब्द शोधावे लागले नसतील.

हे सगळे आम्ही एका मित्राला सांगितले तेव्हा तो उखडला. आजच्या दिवसांत तुम्हाला यांचेच पुस्तक सापडले का, असे म्हणाला. त्याचा राग आम्हाला समजतो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर गाझात जे युद्ध पेटले, त्यात हजारो मुले मारली गेली. मोबाइलवर ते पाहून आमच्या घरातही घास उतरत नव्हता. आम्ही त्याला काही उत्तर दिले नाही, दुसरा आणि चौथा अध्याय फक्त वाचून दाखवला. रस्त्यात शुद्ध हरपून पडणारी पोरे, आईला भाकर मागणारी पोरे, मागणाऱ्याच्या हातावर तुकडाही ठेवायला कुणी नाही. मित्र ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे तर गाझाचंच आहे." होय, आज ते गाझाचे आहे. कालचे दुसऱ्या कुणाचे होते, उद्याचे आणखी कुणाचे असेल. रहमतीच्या दारावर कुण्या एका कौमेची पाटी नाही, आणि ज्यांच्या पुस्तकात हा आक्रोश आहे, त्यांनाही तो दुसऱ्याच्या पोरांसाठी ऐकावाच लागेल.

शेवटी ते पुस्तक आम्ही अम्मालाही वाचून दाखवले. भीत भीतच. एका संध्याकाळी ती ओट्यावर शेंगा निवडत होती. कुणाचे काय, ते आधी सांगितले नाही. तिसरा अध्याय मराठीत वाचत गेलो. अम्माला मराठी आमच्याहून चांगली येते. तिचे माहेर गंगाखेडकडचे. जनाबाईंच्या गावच्या बायांसोबत जात्यावर बसून ती मोठी झाली. जनी आपल्या विठ्ठलाशी कशी भांडते, हे तिने लहानपणी ओव्यांतून ऐकलेले. खड्यांनी दात पडल्याची ओळ आली तेव्हा तिचा हात थांबला.

"खडी," ती म्हणाली. "बहात्तरला मी फोडली खडी." १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची. पदरात बांधून आणलेली सुकडी सासूला द्यायची. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते.

वाचून झाले. तिने विचारले, "इसका बी कोई गया क्या?"

आम्ही म्हणालो, "पूरा शहर गया, अम्मा."

ती पुन्हा शेंगा निवडू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पूरा शहर गया, फिर बी उसीसेच बोलरा ना? जिससे रिश्ता टूट गया, उससे कोई झगडता क्या?"

आम्ही बेचाळीस अध्याय वाचून जे शोधत होतो, ते तिने शेंगा निवडता निवडता सांगितले. भावाच्या जाण्यानंतर आमच्या घरात रब्बाशी खरोखर बोलणारे एकच माणूस होते, आणि नेमके त्यालाच आम्ही गप्प करत होतो.

२०२३ साली पुतण्याने दुकानाचे शटर पुन्हा उघडले. बाप गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. परभणीत आयटीआय करून आला. पहिली मोटार पाथरीकडच्या एका शेतकऱ्याने आणली. मिस्त्रीने तीनदा बांधून दिली होती, आता पोराकडून घेतो, असे म्हणाला. त्या दिवशी अम्मा फजरनंतर दुकानात जाऊन बसली. पोरगा तार गुंडाळत होता, ती बोटांनी फेरे मोजत होती. मध्येच तिने डोळे पुसले. दुःख संपले, असे नाही. त्या सकाळी तिच्या वाट्याला एवढे आले.

अम्मा आजही इशानंतर बराच वेळ जानमाजवर बसते. आजही कधी कधी तिचा आवाज चढतो, "कैसा रे अल्ला?" आता आम्ही सब्राची तकरीर करत नाही. तिच्या शेजारी जाऊन बसतो. तिचे भांडण संपते, मग ती मागू लागते. पोरासाठी मगफिरत, नातवासाठी बरकत, पावसासाठी, सगळ्यांच्या लेकरांसाठी. तेव्हा आमचेही हात वर होतात आणि ओठ हलतात. ती मागते आणि आम्ही आमीन म्हणतो.